सर्व्हिसिंग झालंय म्हणजे तपासणी झाली असं नाही

तुम्ही लिहिलंय की 10 दिवसांनी 800 किमीची सायकल टूर आहे, सर्व्हिसिंग परवाच करून घेतलंय, मग आता अजून काय बघायचं. अहो, सर्व्हिसिंग म्हणजे बऱ्याचदा धुणं, ऑइल आणि गियर सेट करणं, त्यात चाकाचा एकेक आरा (स्पोक) कोणी हाताने दाबून बघत नाही. ते आपणच करायचं आणि आत्ताच करायचं, आदल्या रात्री नाही, म्हणजे काही बदलावं लागलं तर वर 50-60 किमी चालवून बघता येतं.

सुरुवात मागच्या चाकापासून. सामान मागे, आपलं वजनही मागेच जास्त, त्यामुळे आरे तुटतात ते बहुतेक मागचे, त्यातही गियरच्या बाजूचे, हबजवळ (चाकाच्या मधल्या तुंब्याजवळ) जिथे आरा वाकलेला असतो तिथे. दोन-दोन आरे चिमटीत दाबत पूर्ण चाक फिरा, ढिला असेल तो लगेच हाताला लागतो. नाहीतर बोटाने छेडून बघा, एका बाजूचे सगळे साधारण एका सुरात वाजतात, ढिल्याचा आवाज बद्द येतो. (डाव्या-उजव्या बाजूचा सूर वेगळा लागला तर घाबरू नका, मागच्या चाकाला दोन्हीकडे ताण सारखा नसतोच.) माझा एकदा तिसऱ्या दिवशी एक आरा गेला, म्हटलं चालतंय की, त्याच्या पुढच्या दिवशी दुपारपर्यंत शेजारचे दोन गेले आणि टायर फ्रेमला घासायला लागला. तेव्हापासून मापाचे तीन-चार जादा आरे फ्रेमला टेपने चिकटवूनच निघतो.

चेनला साधी पट्टी लावा. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरलं की 12 इंचावर बरोबर पिन यायला हवी. ती 1/16 इंच पुढे गेली असेल तर चेन आत्ताच बदला, 1/8 गेली असेल तर मागची चक्रंही खाल्ली गेली असणार, मग नुसती नवी चेन टाकली तर ती दातांवरून सटकते.

गियरची केबल बाहेरून ठणठणीत दिसते आणि शिफ्टरच्या (हँडलवरच्या गियर बदलायच्या खटक्याच्या) आत एकेक तार तुटत असते. गियर सारखे सारखे सेट करावे लागत असतील तर हाच संशय घ्या, केबल ढिली करून टोक बाहेर काढून बघा, एक तार जरी सुटलेली दिसली तरी नवीन टाका.

बाकी पटापट. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकला, हँडलच्या मुळाशी टकटक लागली तर हेडसेट (हँडल जिच्यावर फिरतं ती बेअरिंग) ढिला. क्रँक (पेडल लावलेला दांडा) आडवा हलवून ढिला आहे का बघा. टायरमध्ये काचेचे बारीक तुकडे रुतलेले असतात ते टोकदार काहीतरी घेऊन काढा, बाजूला चिरा असतील तर टायर बदला. पेडल घट्ट करताना डाव्याचे आटे उलटे, हे विसरून भले भले आटे मारून बसलेत.

आणि कॅरिअरचे बोल्ट! सामान लादून एक दिवस चालवा, मग बघा कोणता सैल झालाय, टाच बॅगेला लागते का तेही तेव्हाच कळतं.

जादा डिरेलर हँगर (मागचे गियर बदलणारा डिरेलर फ्रेमला ज्या तुकड्यावर बसतो तो) घेऊ का विचारलंत, तर हो, घ्याच. फ्रेमगणिक वेगळा असतो, वाटेतल्या दुकानात तुमच्याच सायकलचा मिळेल या भरवशावर राहू नका.