हौशी म्हणजे कच्चे नव्हेत

कॅनडातल्या जुन्या हौशी आइस हॉकीबद्दलच्या निम्म्या पत्रांत एकच घोळ असतो : हौशी म्हणजे कच्चे. या खेपेला तो निस्तरतो.

प्रश्न : पहिला सामना मॉन्ट्रियलचा की नोव्हा स्कोशियाचा? शेजारी छातीठोकपणे नोव्हा स्कोशिया सांगतात.

शेजाऱ्यांकडे कागद मागा. बर्फावर काठ्या घेऊन खेळणं जुनंच, पण बंदिस्त रिंकमध्ये (बर्फाच्या मैदानात), आधी जाहीर करून, 9-9 गड्यांचा पहिला नोंदलेला सामना 3 मार्च 1875 चा, मॉन्ट्रियलच्या व्हिक्टोरिया रिंकमधला. तो जुळवणारा जेम्स क्राइटन हॅलिफॅक्सचा, म्हणजे नोव्हा स्कोशियाचाच होता, एवढं समाधान शेजाऱ्यांना द्या.

प्रश्न : आइस हॉकीचा मानाचा चषक, स्टॅन्ली कप, मुळात हौशी संघांचा होता म्हणे. म्हणजे तेव्हाचा खेळ रविवारच्या विरंगुळ्यासारखाच ना?

नाही, नाही आणि नाही! आपल्याकडे राज्य नाट्यस्पर्धेतल्या हौशी नटाला कुणी कच्चा म्हणत नाही, मग इथेच काय होतं? 'हौशी' हा पैशाबद्दलचा नियम होता, कसबाबद्दलचा शेरा नव्हे. कॅनडाचे तेव्हाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी 1892 मध्ये 10 गिनींचा चषक देऊ केला तो अशाच संघांसाठी. संघात सात गडी, 30-30 मिनिटांची दोन सत्रं आणि दमलात म्हणून बदली नाही. जानेवारी 1905 मध्ये डॉसन सिटीचे खेळाडू कॅनडाच्या वायव्य टोकाच्या युकॉनहून तीन आठवड्यांहून जास्त प्रवास करून याच कपासाठी ओटावाला आले आणि दुसरा सामना 23-2 असा हरले. त्यातले 14 गोल ओटावाच्या एकट्या फ्रँक मॅगीचे. एका डोळ्याची दृष्टी गेलेला सरकारी कारकून! हा विरंगुळा? पुढे पैसा उघड शिरला, तेव्हा 1908 मध्ये हौशींसाठी वेगळा ॲलन कप आला. आणि 1920 साली अँटवर्प ऑलिंपिकमध्ये स्वीडनला 12-1 हरवणारा कॅनडाचा संघ विनिपेग फाल्कन्सही हौशीच. एखाद्या खेळाडूला पैसे मिळत होते का, हे ठरवायचं तर क्लबचे हिशेब अभिलेखपालाकडून वाचून घ्या. आजोबांच्या आठवणींवर विसंबू नका.

प्रश्न : बायका खेळत?

हो. लॉर्ड स्टॅन्लींची मुलगी इझोबेलसुद्धा.

प्रश्न : '1905 ची अस्सल ओटावा जर्सी', सोबत प्रमाणपत्र, सवलत आज रात्रीपर्यंत. घेऊ?

प्रमाणपत्र कुणी छापलं? विकणाऱ्यानेच ना! खरी वस्तू रात्री बारा वाजता खोटी होत नाही. विक्रीत ज्याचा हिस्सा नाही अशा जुन्या कापडांच्या जाणकाराला आधी दाखवा. 1905 मध्ये नायलॉन नव्हतंच, त्याचा एक धागा निघाला तरी विषय संपला.

प्रश्न : नव्या घराच्या बेसमेंटमध्ये हॉकी संघाचा जुना फोटो सापडला, चिकट पानांच्या अल्बममध्ये. उन्हाळ्यात बघितलं तर चालेल?

उन्हाळ्यापर्यंत ओल आणि डिंक थांबणार आहेत का? याच आठवड्यात अल्बम कोरड्या खोलीत आणा. फोटो ओढून काढू नका, सेलोटेप लावू नका. आहे तसा मोबाइलवर टिपा आणि प्रांताच्या अभिलेखागाराला कळवा. सोडवायचं काम त्यांनी सुचवलेल्या संवर्धकाचं. फोटोच्या पाठीवर नावं निघाली तरी हुरळू नका, ती बहुधा नंतर कुणीतरी लिहिलेली असतात. त्या हंगामाच्या वर्तमानपत्राशी ताडून पाहायला त्यांनाच सांगा.