नवा गेमिंग कन्सोल कशामुळे चालतो आणि कशामुळे आपटतो?

तुम्ही विचारलंय की दोन कन्सोल साधारण एकाच सुमारास बाजारात येतात, दोन्हींची ताकद उन्नीस-बीस, तरी एक हातोहात खपतो आणि दुसरा दुकानात धूळ खात पडतो, असं का होतं.

मी लहानपणापासून कन्सोलवर खेळत आलोय. माझ्या मते सगळं भरवशावर चालतं. कन्सोल घेणारा पुढची पाच-सहा वर्षं एका कंपनीच्या हवाली करत असतो. तिथे येणारेच गेम त्याला खेळता येणार असतात. गेम बनवणारेही तसाच जुगार खेळतात, कारण एका मोठ्या गेमला कित्येक वर्षं लागतात. दुकानदार फळीवरची जागा देतो. या तिघांपैकी एकाचाही विश्वास उडाला, की लॉन्चच्या दिवशी कितीही आतषबाजी करा, उपयोग होत नाही.

सेगा कंपनीच्या सॅटर्न या कन्सोलचं उदाहरण मला अजूनही चटका लावतं. अमेरिकेत तो 2 सप्टेंबर 1995 ला येणार, असं कंपनीने सांगून ठेवलं होतं. पण 11 मे ला लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात सेगाने जाहीर केलं की सॅटर्न आजपासूनच दुकानांत आहे, किंमत 399 डॉलर. सोनीच्या प्लेस्टेशनच्या चार महिने आधी बाजार गाठायचा, असा हिशेब होता. प्रत्यक्षात माल मोजक्याच दुकान-साखळ्यांना मिळाला. ज्यांना डावललं ते भडकले आणि केबी टॉइज या खेळण्यांच्या दुकान-साखळीने तर सॅटर्न ठेवायचंच नाकारलं. बाहेरच्या गेम कंपन्या सप्टेंबर धरून काम करत होत्या, त्यांचे गेम तयार नव्हते. त्यामुळे सुरुवातीच्या ग्राहकांना सेगाच्या स्वतःच्या मोजक्या गेम्सवर भागवावं लागलं. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, ‘299’ एवढंच म्हणाले आणि निघून गेले. तारीख अलीकडे ओढण्याच्या नादात सेगाने दुकानदार आणि गेम बनवणारे, दोघांनाही एकाच दिवसात दुखावलं. पहिलं प्लेस्टेशन पुढे 10 कोटींवर खपलं, सॅटर्नला 1 कोटीसुद्धा गाठता आला नाही. सॅटर्न काही वाईट यंत्र नव्हतं. त्याच्या दोन प्रोसेसरांसाठी प्रोग्राम लिहिणं किचकट होतं, हे मात्र खरं.

दुसरी गोष्ट म्हणजे, हे नक्की काय आहे ते गिऱ्हाइकाला चटकन कळलं पाहिजे. निन्टेन्डोचा वी 10 कोटींहून जास्त खपला, आणि 2012 साली त्याचाच वारसदार म्हणून आलेला वी यू साधारण 1 कोटी 35 लाखांवर थांबला. नाव जवळजवळ तेच आणि जाहिरातीत सगळा भर हातातल्या स्क्रीनवाल्या कंट्रोलरवर. कित्येकांना तो जुन्या वीलाच जोडायचा एखादा भाग वाटला! उलट निन्टेन्डोच्या पुढच्या कन्सोलच्या, म्हणजे स्विचच्या, साडेतीन मिनिटांच्या पहिल्या व्हिडिओत माणूस टीव्हीवर खेळताना दिसतो, मग यंत्र उचलतो आणि तोच गेम हातात घेऊन घराबाहेर पडतो. समजावून सांगायला काही उरतच नाही. 3 मार्च 2017 ला निन्टेन्डोच्या झेल्डा या गेम-मालिकेतला ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ वी यू आणि स्विच दोन्हींवर एकाच दिवशी आला. गेम तोच, पण वी यूचा तो निरोपाचा गेम ठरला आणि स्विच सुसाट सुटला. म्हणून ‘पहिल्या दिवशी एक तुफान गेम हवा’ हे म्हणणं मला अर्धवट वाटतं. प्लेस्टेशन 2 चे सुरुवातीचे गेम यथातथाच होते, पण तो डीव्हीडी लावायचा आणि जुने प्लेस्टेशनचे गेमही चालवायचा. लोकांना तेवढं कारण पुरलं.

किंमत महत्त्वाची आहेच, पण तिच्याबरोबर येणाऱ्या अटी जास्त बोचतात. 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन 499 डॉलरला जाहीर झाला, वर दर 24 तासांनी इंटरनेट जोडायची सक्ती आणि दुसऱ्याने वापरलेल्या गेमच्या डिस्कवर बंधनं. प्लेस्टेशन 4 होता 399 ला आणि डिस्क मित्राला खुशाल द्या. मायक्रोसॉफ्टने जूनमध्येच अटी मागे घेतल्या, पण लोकांच्या मनात बसायचं ते बसलं होतं.

पहिली संध्याकाळ कशी जाते, तेही फार मोलाचं असतं. एकदा माझ्या भाचीसाठी आम्ही नवा कन्सोल आणला. वायरी जोडल्या आणि टीव्हीवर अपडेटची पट्टी आली. तीन टक्के, चार टक्के... ती मांडी घालून, कंट्रोलर दोन्ही हातांत धरून समोर बसली होती. पट्टी निम्म्यावर येईपर्यंत ती तशीच आडवी होऊन झोपली, कंट्रोलर मुठीतच. मला तेव्हा फार वाईट वाटलं. कन्सोल बनवणाऱ्यांनी ही संध्याकाळ जपायला हवी.

फसलेला लॉन्च सावरता येतो का? येतो. 2011 मध्ये निन्टेन्डो 3डीएस हा हातात धरून खेळायचा कन्सोल 249.99 डॉलरला आला आणि अडखळला. काही महिन्यांतच किंमत 169.99 वर आणली. ज्यांनी आधीच पूर्ण पैसे मोजले होते त्यांना कंपनीने 20 जुने गेम मोफत दिले, आणि अध्यक्ष सातोरू इवातांनी स्वतःचा पगार निम्मा केला. सगळ्यात आधी विश्वास टाकणाऱ्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. 3डीएस शेवटी साडेसात कोटींच्या पुढे गेला.