से कॅथेड्रलचा एकच मनोरा

प्रश्न : जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलचा दर्शनी भाग एका बाजूला उणा का दिसतो? आत काय पाहावे?

उत्तर : १५६२ मध्ये बांधकाम सुरू झालेल्या या कॅथेड्रलला मुळात दोन मनोरे होते, त्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा उभारला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात प्रसिद्ध ‘सुवर्णघंटा’ आहे. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरिनच्या सणादिवशी, पोर्तुगीजांनी आदिलशाहीकडून गोवा जिंकला, म्हणून ही वास्तू तिला अर्पण केलेली आहे. मुख्य वेदीमागील सोनेरी कोरीवकामात तिच्याच जीवनातील प्रसंग आहेत. समोरच्या बॉम जेझुस बॅसिलिकेकडे जाण्याच्या घाईत पर्यटक नेमके तेच नीट पाहत नाहीत. येथे आजही प्रार्थना होते, त्यामुळे खांदे व गुडघे झाकणारा पोशाख असावा.