मालदीवच्या अ‍ॅटॉल रुग्णालयात फिजिशियन म्हणून येण्यापूर्वी

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

मालदीवमधील एका अ‍ॅटॉल (प्रवाळ बेटांच्या समूहाच्या) रुग्णालयाने आपल्याला फिजिशियनच्या पदासाठी नेमणूकपत्र पाठवले आहे आणि पत्नी व सहा वर्षांच्या मुलीला घेऊन रत्नागिरीहून यावे की नाही, याबद्दल आपण माझे मत विचारले आहे. ‘तो देश राहायला कसा आहे’ हा आपला पहिला प्रश्न. पण त्याचे उत्तर बेटागणिक बदलते. उत्तर-दक्षिण सुमारे साडेआठशे किलोमीटर पसरलेल्या या देशात बाराशेच्या आसपास बेटे आहेत, त्यांतील दोनशेच्या आतबाहेर बेटांवरच वस्ती आहे. विमानतळ असलेल्या कुळुधुफ्फुशी किंवा अड्डूसारख्या ठिकाणची नोकरी आणि जेथून विमानतळ गाठायलाच दोन तास बोटीत बसावे लागते अशा बेटावरची नोकरी, या दोन्ही कागदावर सारख्याच दिसतात. माझे बेट दुसऱ्या प्रकारचे आहे आणि येथे माझे हे पाचवे वर्ष आहे.

येथील व्यवस्था आपल्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय या उतरंडीसारखीच आहे. लहान बेटावर एमबीबीएस डॉक्टर असलेले आरोग्य केंद्र, त्यावर अ‍ॅटॉल रुग्णालय, त्यावर प्रादेशिक रुग्णालय आणि सर्वांत वर राजधानी मालेतील इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय, जे भारताच्या मदतीने उभे राहून १९९५ साली सुरू झाले. फरक एवढाच की आपल्याकडे दोन पायऱ्यांमध्ये रस्ता असतो आणि येथे समुद्र असतो. रुग्ण मालेला पाठवायचा की नाही, आणि पाठवायचा तर किती वाजेपर्यंत, हा निर्णय फिजिशियनच्या कामाचा गाभा आहे. सी-प्लेन अंधारात उडत नाही, आणि वाऱ्याचा इशारा लागला की स्पीडबोटीही बांधून ठेवतात.

एक प्रसंग सांगतो. टूना पकडणाऱ्या होडीवरचा तेविशीचा मुलगा डेंग्यूने दाखल होता. पाचव्या दिवशी ताप उतरला म्हणून घरची मंडळी निर्धास्त झाली होती. धोका तेथूनच सुरू होतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. सकाळी ४० असलेला हिमॅटोक्रिट (रक्तातील लाल पेशींचे शेकडा प्रमाण; रक्तातील पाणी वाहिन्यांबाहेर झिरपू लागले की ते वाढते) दुपारी चार वाजता ४८ झाला, प्लेटलेट ३१ हजारांवर आल्या आणि नाडी बारीक लागू लागली. बोटीचा तांडेल दारात येऊन म्हणाला की निघायचे असेल तर अर्ध्या तासात निघा, नंतर उद्या दुपारपर्यंत कोणी निघणार नाही. चार तासांच्या प्रवासात उसळत्या बोटीवर ना रक्तदाब नीट मोजता येतो, ना हिमॅटोक्रिट करता येतो. म्हणून मी त्याला ठेवून घेतले. केरळच्या सिस्टरने रात्रभर दर तासाला लघवी मोजली, आम्ही वजनाच्या हिशेबाने सलाईन वाढवत आणि कमी करत राहिलो, आणि त्याची आई बाहेर जोअलीत, म्हणजे येथील लोखंडी चौकटीवर दोरीने विणलेल्या बैठकीत, एकही प्रश्न न विचारता बसून राहिली. पहाटे चारला हिमॅटोक्रिट ४२ वर आला. दरवेळी एवढे सुदैव नसते. छातीत दुखणाऱ्या रुग्णाची रक्ताची गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन येथे देता येते, परंतु त्यानंतरच्या अँजिओग्राफीसाठी मालेच गाठावे लागते, आणि एका वृद्ध गृहस्थांच्या बाबतीत मी ‘सकाळी बघू’ म्हणून जे बारा तास घालवले, ते मला अजून बोचतात.

बाकी ओपीडी आपल्याला ओळखीची वाटेल: मधुमेह, रक्तदाब, सिगारेट. मात्र तापाकडे पाहण्याची सवय बदलावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली हा देश मलेरियामुक्त म्हणून प्रमाणित केला आहे, त्यामुळे थंडी वाजून ताप आला तरी मलेरियाचा विचार मुख्यतः बांगलादेश किंवा भारतातून नुकत्याच आलेल्या कामगारापुरताच करायचा. याउलट स्क्रब टायफस, म्हणजे माइट या बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप, २००२ पासून येथे दिसत आला आहे; चाव्याची काळी खपली झाकल्या जागी लपते, म्हणून काख आणि जांघ तपासल्याशिवाय तापाचा रुग्ण घरी पाठवू नये. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे, त्यामुळे ठरावीक दिवसांनी रक्त घेणारी मुले आपल्याला नावानिशी ओळखीची होतील. लहान बेटावर रक्तपेढी नसते. रक्तगट लिहिलेली दात्यांची यादी असते, व्हायबरवर निरोप जातो आणि दाते चालत येतात. रमजानमध्ये ओपीडीच्या वेळा रात्रीकडे सरकतात आणि इन्सुलिनच्या मात्रा नव्याने मांडाव्या लागतात. हे काम महिना सुरू होण्याआधीच उरकावे, नाहीतर रोज दुपारनंतर साखर घसरलेले रुग्ण येऊ लागतात.

भाषेची धास्ती बाळगू नका. अनेकांना हिंदी चित्रपटांमुळे हिंदी समजते, आणि धिवेही ही सिंहलीच्या कुळातली, म्हणजे आपल्याच दूरच्या नात्यातली आहे. आपल्या ‘प’च्या जागी तेथे बऱ्याचदा ‘फ’ येतो, पाणी म्हणजे ‘फेन’, पाय म्हणजे ‘फाइ’. दुखण्याला ‘थदु’ म्हणतात, हा शब्द पहिल्याच दिवशी पाठ करावा.

आता कराराविषयी. माझ्या करारात दर तिसऱ्या रात्री कॉल, म्हणजे बोलावताच हजर होण्याची ड्युटी, असे लिहिले होते. दुसरे फिजिशियन दोन महिन्यांत निघून गेले आणि पुढचे सात महिने मी एकटाच रोज कॉलवर होतो, भत्ता मात्र ठरलेल्या कमाल रात्रींचाच मिळाला. म्हणून सहकारी नसेल तेव्हा काय, हे सहीपूर्वी लेखी मागून घ्यावे. दुसरे म्हणजे डॉलर. पगार रुफिया या येथील चलनात असेल तर १ डॉलरला १५.४२ रुफिया हा अधिकृत दर पाहून हिशेब करू नका, कारण डॉलरच्या टंचाईमुळे बँका दरमहा किती रक्कम बाहेर पाठवता येईल यावर मर्यादा घालतात आणि ती वेळोवेळी बदलते. गावी घराचा हप्ता चालू असेल तर पगाराचा काही भाग डॉलरमध्ये मिळेल का, हे आधी ठरवा. आसंधा ही सरकारी आरोग्य योजना मालदीवच्या नागरिकांसाठी आहे. आपल्या कुटुंबाचा विमा कोण काढणार, हेही विचारा. पासपोर्ट स्वतःजवळच ठेवा. येथे असतानाही महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे नोंदणी टिकवण्यासाठी लागणारे पाच वर्षांचे ३० प्रशिक्षण-गुण जमवत राहा, नाहीतर परतल्यावर नूतनीकरणासाठी धावपळ होते.

वहिनींचा विचार स्वतंत्रपणे करावा असे मला वाटते. अवलंबिताच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, आणि अर्ध्या तासात ज्याला प्रदक्षिणा घालता येते त्या बेटावर रिकामी दुपार फार लांब असते. त्या शिक्षिका किंवा परिचारिका असतील तर दोघांनी एकाच बेटासाठी अर्ज करावा. मुलीच्या वयाला येथील शाळा ठीक आहे, शिक्षणही इंग्रजीतून चालते, पण आठवीच्या आत परत जावे. शाकाहारी असाल तर कांदे-बटाटे भारतातूनच येतात, फक्त बोट चुकली की आठवडाभर पालेभाजी दिसत नाही. पूजेच्या मूर्ती आणि मद्य सामानात अजिबात नकोत, दोन्ही कस्टम्समध्ये अडतात. आम्ही गणपतीची आरती दार लावून मोबाइलसमोर म्हणतो.

उत्तर देण्यापूर्वी त्या रुग्णालयातील सध्याच्या डॉक्टरांना फोन करून रात्री श्वासनलिकेत नळी कोण घालतो, ट्रोपोनिन (हृदयविकाराच्या झटक्याची रक्ततपासणी) आणि रक्तवायू तपासणी चालू आहे का, गाठ विरघळवणारे औषध आज कपाटात आहे का आणि बोटीला किती वेळ लागतो, एवढे विचारा. रुजू होण्याचा महिना आपल्या हातात असेल तर जानेवारी ते मार्च निवडा. मे ते नोव्हेंबर वारा नैऋत्येचाच, कोकणातलाच पाऊस येथेही असतो. पहिली रेफरल बोट निदान शांत पाण्यात तरी निघेल.