नाताळच्या संदेशातून त्या सरायवाल्याला आधी बाहेर काढा

तुमचा प्रश्न: ‘तरुण संघात नाताळला पंधरा मिनिटं बोलायचंय. ख्रिस्तजन्माच्या वृत्तांतातून रोजच्या ख्रिस्ती जीवनासाठी कोणते धडे घेता येतील?’

घेऊ तितके धडे निघतात, तीच तर अडचण आहे. नवापूरपासून भुसावळपर्यंत कुठल्याही मंडळीत डिसेंबरात जाऊन बसा, एक धडा हमखास कानावर पडतो: निर्दयी सरायवाल्याने दार लावून घेतलं, मग सांगा, तुमच्या हृदयात येशूला जागा आहे का? मला हा धडा पटत नाही. यावरून वाद घालून लोक मला कंटाळलेत, तरी पुन्हा सांगतो.

बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानातलं 2:7 उघडा. त्यात सरायवाला नाही, दार ठोठावणं नाही, ‘पुढे जा’ असं कुणी म्हणत नाही. मूल बाळंत्याने गुंडाळलं, गव्हाणीत ठेवलं, कारण उतारशाळेत त्यांना जागा नव्हती, एवढंच. आपण जिथे ‘उतारशाळा’ वाचतो तिथे मूळ ग्रीकमध्ये ‘कॅटालुमा’ आहे. तोच शब्द लूक 22:11 मध्ये शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी येतो, आणि ती एका घरातली खोली होती. पैसे मोजून मुक्काम करायच्या जागेसाठी लूककडे निराळा शब्द आहे, ‘पांदोखेऑन’. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात 10:34 ला तो वापरतो, आणि पुढच्याच वचनात मालकही येतो, त्याला दिलेले दोन दिनारही येतात. म्हणजे सरायवाला दाखवायचा असता तर लूकला तो दाखवता येत होता.

शिवाय 2:6 नीट वाचा. ‘ते तेथे’, म्हणजे बेथलेहेमात, ‘असताना’ मरीयेचे दिवस भरले. गावात पोहोचल्या रात्री कळा सुरू झाल्या असं तिथे नाही. योसेफ दावीदाच्या घराण्यातला, गाव भाऊबंदांचं. पाहुण्यांची खोली आधीच भरलेली असावी, म्हणून बाळंतीण आतल्या मोठ्या खोलीत. त्या काळी तिकडच्या साध्या घरांत रात्री गुरं त्याच खोलीच्या खालच्या अंगाला बांधत आणि माणसं थोड्या उंच भागावर निजत. हे पुण्या-मुंबईच्या माणसाला चित्र काढून दाखवावं लागेल, आपल्याला नाही. अक्कलकुवा-धडगावकडच्या जुन्या कुडाच्या घरात शिरा: एका अंगाला बैल आणि शेळ्या, दुसऱ्या अंगाला चूल, मधे आडोसा असला तर असला. अशा घरात तान्ह्या बाळाला निजवायला गव्हाणीइतकी सोयीची जागा कुठली? कडा उंच, खाली चारा, कुणाचा पाय पडायची भीती नाही.

आता धडा बघा कसा फिरतो. कुणीतरी नाकारलं ही गोष्ट राहत नाही, भरलेल्या घरात कुणीतरी ढोरं सरकवली ही गोष्ट होते. नाकारणाऱ्याला नावं ठेवून आपण सुटतो. सरकवायचं म्हटलं की अंगावर काम येतं. आपल्याकडे ते काम समोरच आहे. नाताळ ऊसतोडीच्या हंगामात येतो आणि कितीतरी घरं तेव्हा गुजरातेत फडावर असतात. नोव्हेंबरातच यादी करा, मुकादमाला फोन करून पडाव कुठे आहे ते विचारा, पोटुशी आणि ओली बाळंतीण कोण आहे ते बायकांकडून काढा, पुरुषांना हे धड माहीत नसतं. गाडी संध्याकाळी पोहोचेल अशी काढा, दिवसा टोळी फडात असते. घोंगडी, झबली, मच्छरदाणी न्या. केक नेऊ नका, चार तासांच्या रस्त्यात त्याचा चिखल होतो.

धडा काढायची रीत म्हणाल तर साधी आहे. मत्तय 1:18 ते 2:23 आणि लूक 1:26 ते 2:40 वेगवेगळ्या कागदांवर घ्या, एकत्र कालवू नका. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी, मत्तयात आहेत, मेंढपाळ लूकमध्ये. मागी ‘घरात’ गेले असं मत्तय 2:11 सांगतं, आणि ते तीन होते असं कुठेच नाही, तीन भेटवस्तू आहेत. मग प्रत्येक माणसाने काय केलं त्या क्रियापदाखाली रेघ मारा. देवाने एकदाच केलेलं एका बाजूला, माणसाने केलेलं दुसऱ्या बाजूला. धडा दुसऱ्या बाजूतून घ्या. इथेच पोरं घसरतात: योसेफाला स्वप्न पडलं म्हणून आपणही लग्न ठरवायला स्वप्नाची वाट बघायची, असला धडा निघतो. स्वप्न देवाचं काम. ‘उठून तसं केलं’ (मत्तय 1:24) हे योसेफाचं.

योसेफाबद्दल अजून एक. वाग्दान म्हणजे तेव्हा निम्मं लग्नच, मोडायला सूटपत्र लागे. मरीया गरोदर आहे एवढंच त्याला कळलंय, स्वप्न अजून पडायचंय, आणि तेव्हाच तिची बेअब्रू होऊ नये म्हणून तो गुपचूप सोडायचं ठरवतो. शास्त्र त्याला ‘नीतिमान’ म्हणतं ते इथे. ज्या मंडळीत पोरीचं नाव व्यासपीठावरून घेतलं जातं तिथे हे वचन दोनदा वाचा.

लूक 2:24 चे पारवेही सोडू नका. जुन्या करारातल्या लेवीय 12 प्रमाणे मुलगा झाला तर 40 दिवसांनी वर्षाचं कोकरू आणि एक पारवा द्यायचा. कोकराची ऐपत नसेल तर दोन पारवे किंवा दोन होले. मरीयेने गरिबाचं अर्पण दिलं, कोकरासाठी उसनवारी केली नाही. नाताळच्या कपड्यांसाठी उचल घेणाऱ्या घरात हा धडा मनाला लागतो, पण सांगा.

मेंढपाळांना वेळ उरला तर घ्या. साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ शेतात वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढ्या बसवतात आणि रात्रभर जागतात, ते आठवा. लूक 2:20 मध्ये मेंढपाळ ‘परत गेले’, म्हणजे पुन्हा त्याच राखणीवर.

आता जे आधी सांगायला हवं होतं: ‘कॅटालुमा’चा अर्थ सैल आहे, ‘उतरायची जागा’ इतकाच, त्यामुळे सराय असा अर्थ घेणारेही आहेत. दुसऱ्या शतकातला जस्टिन मार्टर तर गुहा म्हणतो. आणि हृदयाचं दार उघडा ही शिकवण खोटी नाही, पण तिच्यासाठी प्रकटीकरण 3:20 आहे, तिथून सांगा. लूक 2:7 वर लादू नका.

नाटिका बसवत असाल तर सरायवाल्याचं काम मागणाऱ्या पोराला घरधन्याचं काम द्या. संवाद नको. त्याने बैलाचं दावं सोडून बैल पलीकडे बांधायचा, गव्हाणीतला ओला कडबा काढून कोरडा टाकायचा, आणि कोपऱ्यात जाऊन बसायचं.