बाळ गेलेल्या आईशी कसं बोलावं, हे नर्सला शिकवता येतं का?

तुम्ही लिहिलंय की परवा नाइटला दिवस भरलेल्या एका बाईचं बाळ पोटातच गेलेलं निघालं. ती रडत होती, तुम्हाला काही सुचेना, आणि बीपीचं मशीन आणते म्हणून तुम्ही बाहेर आलात ते परत गेलाच नाहीत. हे कुठे शिकवतात का, की ज्याच्या त्याच्या स्वभावावर असतं, असा तुमचा प्रश्न आहे.

शिकवता येतं. मी एकवीस वर्षं लेबर रूममध्ये काढली, आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते. आपल्याकडे माया कमी नसते, भीती जास्त असते. भीती वाटली की माणूस हाताला काम शोधतो. तुम्हीही तेच केलंत. म्हणून मी मुलींना नुसतं "सहानुभूती ठेवा" सांगत नाही. काय बोलायचं, काय करायचं, ते त्यांच्याकडून करून घेते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी अशीच एक डिलिव्हरी केली होती. बाळ दुपट्यात गुंडाळून सासऱ्यांच्या हातात दिलं, ते आणि दीर लगेच पुरायला घेऊन गेले. पहाटे टाके बघायला गेले तेव्हा तिनं विचारलं, "सिस्टर, जावळ होतं का त्याला?" मी वार पूर्ण पडली का ते पाहिलं होतं, रक्तस्राव पाहिला होता, वजन लिहिलं होतं. बाळाकडे पाहिलंच नव्हतं. "हो, दाट होतं," असं सांगून मोकळी झाले. ते खोटं अजून मनातून जात नाही.

त्यामुळे माझा पहिला धडा हाच असतो. गुंडाळण्याआधी बाळाकडे नीट बघा. केस, बोटं, तोंडवळा. मग आईला विचारा, बघायचंय का, मांडीवर घ्यायचंय का. नाही म्हणाली तर जबरदस्ती नाही, पण थोड्या वेळाने पुन्हा एकदा विचारायचं. बाळ पोटात दोन-तीन दिवस तसंच राहिलं असेल तर कातडी सुटलेली असते, ते दाखवण्याआधी सांगायचं. घरची मोठी माणसं म्हणतात, "तिला दाखवू नका, धसका घेईल." मायेनंच म्हणतात. त्यांच्याशी वाद घालायचा नाही. "मावशी, नेण्याआधी एकदा तिलाच विचारू या," एवढं पुरतं.

दुसरं, ते वाक्य. सोनोग्राफीत नक्की झाल्यावर डॉक्टर सांगतात, पण नंतर बाई आपल्यालाच पुन्हा पुन्हा विचारते. मी मुलींच्या जोड्या लावते आणि मोठ्याने म्हणायला लावते, "बाळाचे ठोके थांबले आहेत. बाळ गेलं आहे." बऱ्याच जणी "ठोके नीट लागत नाहीत" इथेच अडखळतात. आणि तेवढ्यावर आई आशा धरून बसते! वाक्य बोलून झालं की घड्याळ लावून एक मिनिट गप्प बसायचं. "अजून वय आहे, दुसरं होईल" हे नेमकं त्याच मिनिटात तोंडातून निसटतं.

ब्रिटनमध्ये सँड्स नावाची संस्था बाळ गमावलेल्या आईवडिलांनीच १९७८ मध्ये सुरू केली, ती डॉक्टरांना आणि सुईणींना हे प्रशिक्षण देते. आपल्याकडे निदान लेबर रूमच्या ट्रेनिंगमध्ये एक दिवस तरी यासाठी हवाच, असं मला कळकळीने वाटतं.

आता तुमच्या पेशंटबद्दल, कारण वेळ कमी आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला दूध येईल. घरी अचानक छाती भरून आली, पदर ओला झाला, की बाई कोलमडते, म्हणून आधीच सांगून ठेवा. दूध थांबवायला कॅबरगोलिन देतात, पण बीपी वाढलेलं असेल तर ते चालत नाही. तुमच्या मॅडमना आजच विचारा. तिची कॉट बाळंतिणींच्या रांगेत असेल तर हलवा. आशाताईंना स्वतः फोन करा, नाहीतर त्या वजनकाटा घेऊन दारात उभ्या राहतील आणि "बाळ कुठंय?" विचारतील. गरोदरपणात किलकारीचे, म्हणजे आई-बाळाच्या काळजीची माहिती देणारे सरकारी कॉल सुरू असतील तर तेही बंद करून घ्यायला सांगा. ती नोकरी करत असेल तर प्रसूती रजेचा हक्क जात नाही; कायद्यात 'मूल' या शब्दात मृत जन्मलेलं बाळही येतं. हे घरच्यांना सहसा कुणी सांगत नाही. नवऱ्याशीही दोन शब्द बोला. तो बिचारा कागदांवर सह्या करत फिरत असतो.

आज ड्यूटीवर गेलात की स्टूल ओढून तिच्याजवळ बसा. "त्या रात्री मला काय बोलावं कळलं नाही, म्हणून मी निघून गेले," असं सरळ सांगा. मग बाळासाठी काही नाव ठरवलं होतं का, ते विचारा. आणि तिनं सांगितलं, तर पुढे बोलताना तेच नाव घ्या.