महामार्गावरच्या अपघातांचा सराव घेण्यासाठी सिम्युलेशनचे प्रसंग कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये बांधावेत?

तुमचा प्रश्न असा आहे: महामार्ग पोलिस, गस्तीची माणसं, रुग्णवाहिका आणि अग्निशमन यांना एकत्र बसवून अपघाताचा सराव द्यायचा आहे. पैसे फारसे नाहीत, टीममध्ये एकालाच थोडंफार पायथन येतं. मग प्रसंग कशात बांधायचे?

थेट सांगतो. रहदारीसाठी सुमो, गॅस किंवा रसायनाच्या गळतीसाठी अलोहा, आणि या दोन्हींच्या आधी एक साधी स्प्रेडशीट. तिन्ही फुकट आहेत आणि बऱ्यापैकी लॅपटॉपवर चालतात. मी रहदारीच्या मॉडेलिंगमध्ये काम करतो आणि अशा सरावांसाठी प्रसंग बांधून देतो. त्या अनुभवावरून एक गोष्ट आग्रहाने सांगेन. प्रसंग बांधायचा म्हणजे अपघात रंगवायचा नसतो, निर्णयाची वेळ बांधायची असते. कुणाला, कितव्या मिनिटाला, किती अपुऱ्या माहितीवर काय ठरवावं लागेल, हे ज्या फाइलमध्ये आहे तोच तुमचा प्रसंग. सॉफ्टवेअर त्या निर्णयाचा परिणाम दाखवतं.

म्हणून आधी स्प्रेडशीट. प्रत्येक ओळीत पाच रकाने: किती वाजता, कुणाला, कशावरून कळतं (वायरलेस, फोन, व्हॉट्सॲपवरचा फोटो, सीसीटीव्ही), नेमकं काय कळतं, आणि त्यावर कोणता निर्णय अपेक्षित आहे. आम्ही तिला घटनासूची म्हणतो आणि एकेका ओळीला चिठ्ठी. पहिली चिठ्ठी नेहमी अर्धवट ठेवा. खरा फोन येतो तो ‘घाटात टँकर पलटी झालाय’ एवढाच. मुंबई लेन की पुणे लेन, कितवा किलोमीटर, टँकरमध्ये काय आहे, यातलं काहीच सांगणाऱ्याला माहीत नसतं. ते खोदून काढणं हाच पहिल्या पाच मिनिटांचा सराव. पहिल्याच चिठ्ठीत सगळं छापून दिलंत तर कंट्रोल रूमच्या माणसाला करण्यासारखं काही उरत नाही.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं उदाहरण घेऊ, कारण बहुतेकांनी तो पाहिलेला असतो आणि घाटामुळे तिथले निर्णय खरोखर अवघड आहेत. समजा, मुंबई लेनवर आडोशी बोगद्याजवळ एलपीजीचा बुलेट टँकर आडवा झालाय. इथे रस्त्याची रचनाच प्रसंग घडवते (मिसिंग लिंक हा घाट टाळणारा नवा रस्ता सुरू होण्याआधीची रचना धरली आहे). खंडाळा एक्झिट ते खोपोली एक्झिट या टप्प्यात द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग एकत्र येतात. सहा आणि चार मिळून दहा लेनची रहदारी सहा लेनमध्ये उतरते. म्हणजे इतर ठिकाणी जो जुना रस्ता पर्याय म्हणून हाताशी असतो, तो नेमका इथे नसतो. खंडाळा एक्झिट ओलांडून खाली आलेली गाडी अडकली की अडकली. त्यामुळे रहदारी वळवायची तर ती वर लोणावळ्यालाच, आणि तेही टँकरची पक्की खबर येण्याआधी. निर्णय बोगद्याशी नाही, कित्येक किलोमीटर मागे घ्यायचा असतो. तुमच्या प्रशिक्षणार्थींना हे एकदा अंगात भिनलं की अर्धं काम झालं.

आता सुमो. जर्मनीच्या डीएलआर या अंतराळ-संशोधन संस्थेने ते बनवलं, २००१ पासून ते मुक्त स्रोत आहे. त्यासोबत येणाऱ्या ओएसएम वेब विझार्डमध्ये ओपनस्ट्रीटमॅपवर चौकोन आखला की रस्त्यांचं जाळं आपोआप तयार होतं, एक ओळही कोड न लिहिता. तिथेच ‘डावीकडून वाहतूक’ हा पर्याय आठवणीने निवडा, नाहीतर सगळा घाट उलट्या बाजूने धावेल. मग नेटएडिट (सुमोचंच जाळं दुरुस्त करायचं साधन) उघडून एक्झिट आणि विलीनीकरणाच्या जागा डोळ्यांनी तपासा. नकाशावर दोन रेघा चिकटलेल्या दिसतात, पण जाळ्यात त्यांच्यात जोड नसतो, असं बऱ्याचदा होतं. मिसिंग लिंकसारखं नवं काम आलं की जाळंही बदलतं, त्यामुळे जुनी फाइल पुन्हा वापरण्याआधी ती आजच्या रस्त्याशी जुळते का ते पाहा.

अपघात घालणं सोपं आहे. एखाद्या गाडीला ठरावीक लेनवर ठरावीक वेळ थांबायला लावा, किंवा रीराउटर (लेन बंद करून गाड्या वळवण्याची सुमोतली सोय) वापरून लेन बंद करा. कठीण भाग पुढे आहे. सुमोची मूळ सेटिंग्ज रोजच्या रहदारीसाठी आहेत, अपघातासाठी नाहीत. चार ठिकाणी हात घालावाच लागतो.

सगळ्यात आधी टेलिपोर्ट. ३०० सेकंद अडकून राहिलेली गाडी सुमो उचलतं आणि पुढे नेऊन सोडतं, म्हणजे मॉडेल कायमचं तुंबत नाही. अपघाताच्या सरावात याचा अर्थ असा की पाच मिनिटांनंतर तुमची कोंडी आपोआप विरघळू लागते आणि प्रशिक्षणार्थीला वाटतं, आपण काही केलं नाही तरी चालतं. ‘टाइम-टू-टेलिपोर्ट’ उणे १ करा, की हे बंद होतं. मी दुसऱ्या कुणाची फाइल तपासतो तेव्हा सर्वांत आधी हेच पाहतो.

दुसरं, उरलेली क्षमता. तीनपैकी एक लेन बंद झाली तर दोन तृतीयांश रस्ता उरतो असं कोणालाही वाटेल, आणि सुमोलाही तसंच वाटतं. प्रत्यक्षात तसं होत नाही. अमेरिकेच्या हायवे कपॅसिटी मॅन्युअलनुसार तीन लेनच्या रस्त्यावर एक लेन अडली तर सुमारे ४९ टक्के क्षमता उरते, दोन अडल्या तर जेमतेम १७ टक्के. बाजूच्या लेनमधले लोक वेग कमी करतात, मान वळवून पाहतात, लेन बदलताना अडखळतात. नुसत्या शोल्डरवर (रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर) झालेल्या अपघातानेही क्षमता ८३ टक्क्यांवर येते. हे आकडे अमेरिकेतल्या शिस्तीचे आहेत, आपल्याकडे याहून बरी स्थिती असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही. त्यामुळे अपघाताच्या जागी उघड्या लेनवरही वेगमर्यादा खाली आणा आणि तासाला किती गाड्या बाहेर पडतात ते मोजून जुळवा.

हे एवढं का सांगतोय, ते साध्या हिशेबातून कळेल. समजा तासाला ३००० गाड्या येतायत आणि अपघातामुळे फक्त २००० बाहेर पडतायत. तासाला १००० गाड्यांची रांग वाढते. ४५ मिनिटांत रस्ता मोकळा झाला तर रांगेत ७५० गाड्या. ट्रक धरून गाडीमागे सरासरी १० मीटर आणि तीन लेन घेतल्या तर अडीच किलोमीटर. मोकळं झाल्यावर तासाला ४५०० सुटल्या, तर ती रांग ओसरायला अर्धा तास. आता क्रेन अर्धा तास उशिरा आली असं धरा: १२५० गाड्या, चार किलोमीटरहून लांब रांग, ओसरायला ५० मिनिटं. रांगेचं शेपूट घाटातल्या वळणापलीकडे किंवा बोगद्याच्या तोंडापर्यंत गेलं की उतारावरून येणाऱ्या ट्रकला ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. दुसरा अपघात तिथे होतो, आणि तो पहिल्यापेक्षा वाईटही असू शकतो. म्हणून घटनासूचीत एक चिठ्ठी रांगेच्या शेपटासाठी राखूनच ठेवा: तिथे गाडी कुणी उभी केली, कोन आणि फलक किती मागे लावले, कुणी मागे सरकवत नेले?

तिसरं, चढ-उतार. गाडीचा वेग ठरवणारं सुमोचं नेहमीचं क्राउस मॉडेल चढाचा विचारच करत नाही. भरलेला ट्रेलरही सपाटीसारखा पळतो. त्याचं क्राउस-पीएस हे रूप चढ लक्षात घेतं, पण त्यासाठी जाळ्यात उंचीची माहिती भरावी लागते. ती नसेल तर सरळ अवजड वाहनांचा वेगळा प्रकार करा आणि घाटात त्यांचा वेग हाताने बांधा. सरावापुरतं तेवढं पुरतं.

चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सुमोमध्ये रुग्णवाहिकेला निळ्या दिव्याचं उपकरण जोडता येतं. ते जोडलं की समोरच्या गाड्या दोन्ही बाजूंना सरकून मधे वाट करून देतात. जर्मनीत असं करणं कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून ते मॉडेलमध्ये आलं. आपल्या घाटात कोंडी झाली की शोल्डरही गाड्यांनी भरतो, मधली वाट राहत नाही. ते उपकरण जसंच्या तसं वापरलंत तर तुमची १०८ पडद्यावर दिमाखात दहा मिनिटांत पोचेल आणि प्रशिक्षणार्थी तोच आकडा मनात घेऊन घरी जातील. प्रसंगात रुग्णवाहिका अडकू द्या. मग खरे प्रश्न निघतात: विरुद्ध लेनवरून आणायची का, त्यासाठी ती लेन कुणी थांबवायची, डिव्हायडर कुठे उघडतो, जखमीला स्ट्रेचरवरून किती अंतर वाहून न्यायचं. यातला प्रत्येक प्रश्न दोन वेगळ्या खात्यांना एकमेकांशी बोलायला लावतो, आणि एकत्र सराव घेण्याचं कारणच ते आहे.

गळतीसाठी अलोहा. अमेरिकेच्या नोआ आणि ईपीए या संस्थांनी बनवलेलं हे मोफत साधन पदार्थ, टाकीचा आकार, भोक, वारा, तापमान विचारतं आणि धोक्याचा पट्टा आखून देतं. तो नकाशावर ठेवता येतो. त्याला जोड म्हणून इमर्जन्सी रिस्पॉन्स गाइडबुक (घातक पदार्थांच्या अपघातात सुरुवातीला काय करायचं ते सांगणारी पुस्तिका) हाताशी ठेवा. टँकरच्या पाटीवर यूएन क्रमांक १०७५ दिसला की ते एलपीजी, आणि त्याचा गाइड क्रमांक ११५. मोठी गळती असेल तर वाऱ्याच्या दिशेने सुरुवातीला किमान ८०० मीटर भाग रिकामा करण्याचा विचार, टँकर आगीत सापडला असेल तर चारी बाजूंनी १६०० मीटर. हे अंतर सुमोच्या जाळ्यावर वर्तुळ काढून दाखवा. त्या वर्तुळात अडकलेल्या गाड्या किती, हे पाहिल्यावर खोली शांत होते आणि मग गंभीर बोलणं सुरू होतं.

एक इशारा मात्र हवाच. अलोहा जमीन सपाट धरतं. एलपीजीची वाफ हवेपेक्षा जड असते, ती दरीकडे, नाल्याकडे, खालच्या रस्त्याकडे वाहते. घाटात पडद्यावरचा पट्टा अंतिम मानू नका. प्रशिक्षकाने तोंडाने सांगून तो उताराच्या दिशेने ताणावा. खाली काय आहे हे पाहण्याची सवय किती गरजेची आहे, ते १३ जून २०२३ला लोणावळ्याजवळ कुणे पुलावर दिसलं. टँकर उलटून पेटला, जळता द्रव पुलाखालच्या रस्त्यावर पडला आणि चार जण गेले. त्यांच्यात खालून जाणारे लोकही होते. वरचा रस्ता बंद करताना खालचाही बंद करायचा, ही चिठ्ठी पुलाच्या प्रत्येक प्रसंगात असलीच पाहिजे. सुमोच्या खिडकीत वरचा-खालचा रस्ता एकमेकांवर आलेल्या दोन रेघा असतात, त्यामुळे ती चूक पडद्यावर नजरेत येत नाही.

सराव चालवताना सगळं थेट जोडण्याच्या मागे लागू नका. प्रशिक्षणार्थीने आदेश दिला की पायथनने त्याच क्षणी सुमोत लेन बंद व्हावी, हे ट्रासी (चालू सुमोला बाहेरून आदेश देण्याची सोय) वापरून करता येतं. पण एकाच माणसाला पायथन येत असेल तर तो दिवसभर बिघाड दुरुस्त करत बसेल. त्यापेक्षा शाखा आधीच चालवून ठेवा: लोणावळ्याला रहदारी १० व्या मिनिटाला वळवली, २५ व्या मिनिटाला वळवली, ४५ व्या मिनिटाला वळवली. ज्या मिनिटाला निर्णय होईल त्याच्या जवळची शाखा पडद्यावर लावा. आणि कंट्रोल रूमच्या गटाला पूर्ण नकाशा कधीच दाखवू नका. जिथे खरोखर कॅमेरे आहेत तेवढ्याच खिडक्या उघडा, बाकीचं त्यांनी वायरलेसवर विचारून मिळवावं. घटनास्थळाचा गट वेगळ्या खोलीत बसवा.

विकत मिळणाऱ्यांबद्दल थोडक्यात. व्हिसिम लेन न पाळणाऱ्या मिश्र रहदारीसाठी चांगलं आहे. शहरातल्या चौकाचा प्रसंग असेल, दुचाकी आणि रिक्षा असतील, तर त्याचा फायदा दिसेल. द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदीच आहे, तिथे सुमो पुरतं. घटनास्थळावरच्या अधिकाऱ्याला त्रिमितीत फिरवायचं असेल, धूर, जखमी, पाट्या जवळून दाखवायच्या असतील, तर डेल्फ्टच्या एक्सव्हीआरसारखी साधनं त्यासाठीच बनवलेली आहेत. रोडरनर आणि कार्ला ही नावं शोधताना पुन्हा पुन्हा समोर येतील. ती प्रामुख्याने स्वयंचलित गाड्यांच्या चाचणीसाठी आहेत, तुम्हाला लागणार नाहीत. पहिले काही सराव घटनासूची आणि सुमोवर घ्या. माणसं निर्णयापर्यंत पोचतायत पण घटनास्थळ डोळ्यांसमोर आणता येत नाही म्हणून अडतायत, असं दिसलं तरच त्रिमिती साधनासाठी पैसे मागा.

शेवटच्या तासात चर्चा घ्याल तेव्हा दोन शाखा शेजारी शेजारी लावा: त्यांनी घेतलेल्या निर्णयाची, आणि तोच निर्णय पंधरा मिनिटं आधी झाला असता तर त्याची. दोन्हीकडच्या रांगेची लांबी आणि रुग्णवाहिका पोचल्याची वेळ फळ्यावर लिहा. कुणाचं चुकलं हे विचारू नका. त्या पंधरा मिनिटांत कोणती माहिती कुणाजवळ होती आणि ती पुढे का गेली नाही, एवढंच विचारा. जी उत्तरं येतील ती लिहून घ्या, पुढच्या प्रसंगाच्या चिठ्ठ्या त्यातूनच निघतात.